कधीच न बांधलेले तुरुंग: अठराव्या शतकातील एका चित्रप्रकाराची ओळख

युरोप-अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांनी आपापले रेखाटनांचे संग्रह इंटरनेटवर खुले केल्यापासून, एरवी कपाटांत बंद राहणारी हजारो चित्रे घरबसल्या पाहता येऊ लागली आहेत. त्यांतले अठराव्या शतकातील इटालियन आणि फ्रेंच कागद चाळत गेले की एक विषय पुन्हा पुन्हा समोर येतो, तो म्हणजे तुरुंगाचा अंतर्भाग. अवाढव्य कमानी, एकमेकांवरून जाणारे जिने, गजांच्या उंच खिडक्या, भिंतीतल्या कड्यांना लोंबणाऱ्या साखळ्या आणि या सगळ्यात मुंगीएवढी दिसणारी दोन-चार माणसे. खाली नोंद असते की स्थळ काल्पनिक आहे आणि चित्र पेन, तपकिरी शाई व जलरंग वापरून केलेले आहे. पाहणाऱ्याला साहजिकच कोडे पडते. जे शतक बागा, राजवाडे, रेशमी पोशाख आणि गुलाबी आकाशे रंगवण्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या शतकातल्या चित्रकारांना मनाने तुरुंग उभे करण्याची एवढी ओढ का असावी? आणि जगात पाहायला खरे तुरुंग असताना काल्पनिकच का?

माझ्या मते या कोड्याची उकल तुरुंगांच्या इतिहासात कमी आणि नाटकगृहाच्या इतिहासात जास्त सापडते. तिथूनच सुरुवात करू.

तुरुंग आला कुठून? ऑपेरातून

अठराव्या शतकात इटालियन ऑपेरा हा युरोपातील दरबारांचा मानाचा करमणूक-प्रकार होता. गंभीर ऑपेराचे कथानक बरेचसे ठरलेले असे: एखादा राजपुत्र किंवा सेनापती, त्याच्यावर आलेला खोटा आळ किंवा शत्रूने केलेली कैद, मृत्युदंडाची छाया आणि अखेरीस राजाची दया किंवा सत्याचा विजय. अशा कथेत तुरुंगाचा प्रवेश अटळ होता, कारण नायकाला एकट्याने उभे राहून करुण गाणे म्हणायला त्याहून योग्य जागा नव्हती. हँडेलचा ‘रोडेलिंडा’ हा ऑपेरा 1725 मध्ये लंडनला झाला. त्यात पदच्युत राजा बर्तारिदो अंधारकोठडीत गातो, आणि सोडवायला आलेल्या मित्रालाच काळोखात शत्रू समजून जखमी करतो. बेटहोफेनचा ‘फिडेलिओ’ 1805 मध्ये व्हिएन्नात रंगमंचावर आला, तेव्हाही त्याचा शेवटचा अंक तळघरातल्या कोठडीपासून सुरू झाला, इतकी ही प्रथा रुजलेली होती.

प्रत्येक मोठ्या नाटकगृहाकडे म्हणूनच तुरुंगाचा एक तयार देखावा ठेवलेला असे आणि तो वेगवेगळ्या ऑपेरांना वापरला जाई. आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्यांच्या सामानात राजवाडा, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे असत, ते याच युरोपीय पद्धतीचे लांबचे वारस होते. पारशी रंगभूमीमार्गे ही कला मुंबईत आली आणि कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी तिच्यात मोठे नाव कमावले.

पडदे आणि विंगा रंगवण्यापूर्वी नेपथ्यकार कागदावर छोटे चित्र करी. ते मालकाला किंवा दरबाराला दाखवायचे, पसंत पडले की त्यावरून कारागिरांनी सरसात कालवलेल्या रंगांनी मोठ्या कापडावर देखावा उतरवायचा. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या काल्पनिक तुरुंगांच्या चित्रांपैकी बरीच या कामासाठी केलेली आहेत. नाटकगृहे लाकडी असत, मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांवर चालत आणि वरचेवर जळत. कापडी देखावे नष्ट झाले, कागद तेवढे उरले.

कोपऱ्यातून पाहण्याची युक्ती

ही चित्रे एवढी भव्य का वाटतात, हे समजायला एक तांत्रिक गोष्ट माहीत असावी लागते. सपाट कागदावर खोलपणा दाखवण्याच्या शास्त्राला यथादर्शन, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. त्यात मागे जाणाऱ्या समांतर रेषा दूरवर एका बिंदूत मिळताना दाखवतात आणि त्या बिंदूला लोपबिंदू म्हणतात. सतराव्या शतकातील नेपथ्यात हा बिंदू बहुधा रंगमंचाच्या बरोबर मध्यभागी असे. एखाद्या सरळ गल्लीच्या मधोमध उभे राहून समोर पाहावे, दोन्ही बाजूंची घरे सारखीच आक्रसत जावीत आणि टोकाला सगळे संपावे, तसा तो देखावा दिसे. समोर मधोमध बसलेल्या राजाला तो अगदी बिनचूक दिसे, पण कडेला बसलेल्यांना वाकडा वाटे. शिवाय दृश्याचा शेवट डोळ्यांसमोरच असल्याने जागेची मर्यादा लगेच कळे.

फेर्दिनांदो गाल्ली बिबिएना या नेपथ्यकाराने 1711 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेवरील ग्रंथात दुसरी पद्धत मांडली. तीत इमारत समोरून न दाखवता तिचा कोपरा प्रेक्षकाकडे आणला जातो. दोन भिंती दोन दिशांना तिरप्या पळतात, लोपबिंदू दोन होतात आणि बहुधा दोन्ही रंगमंचाच्या चौकटीबाहेर पडतात. परिणाम असा, की इमारत कुठे सुरू झाली आणि कुठे संपते, हे प्रेक्षकाला दिसतच नाही. त्यातच खांबांचा फक्त खालचा भाग दाखवून वरचा भाग चौकटीने कापला, की मन उरलेली उंची आपण होऊन भरून काढते. वीस फुटांच्या रंगमंचावर दोनशे फुटांची वास्तू उभी राहते, ती या युक्तीवर. बिबिएना घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ही पद्धत व्हिएन्ना, ड्रेसडेन आणि बायरॉइटपर्यंत नेली.

आता तुरुंग या विषयाचा फायदा लक्षात येईल. राजवाड्याचा देखावा करताना नेपथ्यकाराला स्तंभांचे प्रकार, दर्शनी भागाची समरूपता, सोनेरी कलाकुसर आणि दरबाराच्या प्रतिष्ठेचे भान ठेवावे लागे. तुरुंगाला दर्शनी भाग नको, सजावट नको, कोणत्याही राजाला तो आपल्या घरासारखा दिसायला नको. जिना कुठूनही कुठेही नेता येतो, कमानीवर कमान रचता येते, लाकडी पूल मध्येच तोडून सोडता येतो. वास्तुकलेचे नियम ज्याला घोटवून शिकवले आहेत अशा माणसाला ते मोडून पाहायची मुभा देणारी ही एकमेव इमारत होती. तिची ओढ त्यांना का वाटली, याचे मला तरी हेच सर्वांत पटणारे उत्तर वाटते. अशा मनःपूत रचनेच्या चित्राला इटालियनमध्ये ‘काप्रिच्चो’ म्हणत.

पण यात रंग कुठे आहेत?

जलचित्र म्हटले की आपल्यासमोर निळे आकाश आणि हिरवी झाडे येतात. हे तुरुंग मात्र बहुतेक तपकिरी किंवा करडे असतात, त्यामुळे त्यांना जलरंगचित्रे का म्हणायचे, असा आक्षेप घेतला जातो. तो समजण्यासारखा आहे. अठराव्या शतकातील जलरंगाचा मोठा भाग एकाच रंगाच्या पातळ थरांनी केलेला असे. त्याला वॉश म्हणतात. रंग पाण्यात सैल करायचा, कुंचल्याने कागदावर पसरायचा, वाळू द्यायचा आणि जिथे अधिक गडद हवे तिथे पुन्हा थर द्यायचा, एवढीच त्यातली मूळ कृती आहे. बीचच्या लाकडाच्या काजळीपासून बिस्त्र नावाचा उबदार तपकिरी रंग करत, आणि शतकाच्या अखेरीस समुद्रातील माकुलाच्या शाईपासून मिळणारा सेपिया लोकप्रिय झाला. निळा, तांबूस, हिरवट असे इतर रंग काही चित्रांत हलक्या हाताने येतात, पण चित्राचा सांगाडा उजेड आणि सावलीचाच असतो.

असे एक चित्र जवळून पाहिले, तर त्याची कृती जवळजवळ वाचता येते. सर्वांत खाली खडूच्या किंवा शिशाच्या पुसट रेषा असतात, त्यांतल्या काही पट्टी लावून लोपबिंदूकडे ओढलेल्या दिसतात आणि कधीकधी कंपासच्या टोकाचे भोकही कागदात सापडते. त्यावर पेनाने कमानींची कड आणि दगडांचे सांधे येतात. इथे हात मोकळा सुटलेला असतो, रेषा तुटते, थरथरते, कारण दगड खडबडीत दिसायला हवा. मग पहिला पातळ थर सगळीकडे पसरतो, मात्र जिथे उजेड पडायचा आहे ती जागा टाळून. दुसऱ्या थराने कमानींची आतली बाजू खोल जाते. शेवटचा सर्वांत दाट थर बहुधा अगदी पुढच्या कमानीवर येतो. आपण जणू त्या काळ्या कमानीखाली उभे राहून आत पाहतो आहोत आणि प्रकाश मागे, दूरच्या चौकात आहे. तो प्रकाश म्हणजे दुसरे काही नसून रंग न लावलेला कोरा कागद असतो. तैलरंगात चित्रकार उजेड वरून चढवू शकतो, वॉशमध्ये तो आधीपासून राखून ठेवावा लागतो आणि एकदा झाकला गेला की सहसा परत मिळत नाही. ज्या जागेत उजेड एकाच उंच खिडकीतून येतो आणि बाकी सगळा काळोख असतो, ती जागा या माध्यमाला किती सोयीची होती, हे सांगायला नको.

यात एक व्यवहारही होता. त्या काळच्या रंगमंचावर खरा गडद अंधार करणे अवघड होते, म्हणून सावल्या कापडावरच रंगवाव्या लागत. नेपथ्यकाराच्या कागदावरची प्रत्येक गडद छटा ही कारागिरासाठी सूचना होती.

पिरानेसी तर छापचित्रे करणारा होता ना?

या विषयाशी एक नाव कायमचे जोडलेले आहे, ते जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी याचे. त्याचे तुरुंग जलरंगातले नाहीत, ती अम्लरेखने, म्हणजे एचिंग आहेत. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन त्यात सुईने चित्र कोरायचे आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने खोल करून त्यांत शाई भरून छापायचे, अशी ती पद्धत. तरीही त्याला वगळून हा विषय सांगता येत नाही, कारण त्याच्यानंतर तुरुंग रंगवणारा प्रत्येक जण कळत नकळत त्याच्याशीच बोलत होता.

पिरानेसी 1720 मध्ये व्हेनिसजवळ जन्मला. वडील पाथरवट होते आणि मामा व्हेनिसच्या जलव्यवस्थेकडे असलेला अभियंता होता, त्यामुळे दगड, कमानी, बंधारे आणि प्रचंड लाकडी ओंडके यांची ओळख त्याला घरातच झाली. 1740 मध्ये तो व्हेनिसच्या राजदूताच्या लवाजम्याबरोबर रोमला गेला. 1743 च्या त्याच्या पहिल्याच चित्रसंचात एक ‘अंधारा तुरुंग’ आहे आणि त्याची तिरपी रचना सरळसरळ रंगमंचावरून आलेली दिसते. सुमारे 1750 मध्ये त्याने काल्पनिक तुरुंगांचे 14 मोठे फलक प्रसिद्ध केले. त्यांची रेषा इतकी सैल आणि पुसट आहे की ती छापलेली न वाटता कागदावर भराभर केलेली रेखाटने वाटतात. त्याची पेन आणि तपकिरी वॉशमधली जी थोडी तुरुंग-रेखाटने टिकली आहेत, ती पाहिली की छापचित्रांतला हा मोकळेपणा कुठून आला ते कळते.

1761 मध्ये त्याने तेच पत्रे पुन्हा हातात घेतले, दोन नवे घालून संख्या 16 केली आणि सगळेच गडद केले. नवे जिने, पूल, साखळ्या, छळाची यंत्रे आली. काही ठिकाणी जवळचा म्हणून सुरू झालेला खांब वर जाऊन लांबच्या कमानीला मिळतो, म्हणजे अशी इमारत बांधणे शक्यच नाही. अखेरच्या फलकावर त्याने रोमन इतिहासकार लिव्ही याचे शब्द कोरले: ‘वाढत्या उद्दामपणाला धाक बसावा म्हणून’. रोमच्या एका प्राचीन राजाने शहराच्या मध्यभागी तुरुंग बांधला, त्याचे कारण सांगताना लिव्हीने ते वापरले होते. नाटकाच्या देखाव्यातून निघालेला विषय इथे सत्ता, कायदा आणि प्राचीन रोमचे वैभव यांवरचे चिंतन झाला. तापाच्या भ्रमात त्याला ही दृश्ये दिसली, अशी दंतकथा पुढे पसरली. ती वाचायला आकर्षक असली तरी तिने पिरानेसीच्या मेहनतीवर अन्याय होतो, असे मला वाटते. दहा वर्षांनी तोच पत्रा पुन्हा घेऊन इतक्या विचाराने बदलणारा माणूस भ्रमात नव्हता.

खरे तुरुंग असे होते का?

बहुतेक नव्हते, आणि हा फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. त्या काळी कैद ही सर्वसाधारणपणे शिक्षा नव्हतीच. शिक्षा म्हणजे फटके, हद्दपारी, गलबतावरची सक्तमजुरी किंवा फाशी. खटला उभा राहीपर्यंत आरोपीला आणि कर्ज फेडेपर्यंत ऋणकोला अडकवून ठेवण्याची जागा म्हणजे तुरुंग, म्हणून त्यासाठी मुद्दाम भव्य इमारत बांधण्याची गरज कोणाला वाटत नसे. जुने बुरूज, शहराच्या वेशीवरच्या खोल्या, तळघरे यांतच माणसे कोंबली जात. व्हेनिसमध्ये, पिरानेसीच्या स्वतःच्या प्रदेशात, ड्यूकच्या राजवाड्याच्या तळाशी लाकडी फळ्या लावलेल्या ठेंगण्या कोठड्या होत्या आणि छताच्या शिशाच्या पत्र्याखाली दुसऱ्या. या दुसऱ्यांतून कॅसानोव्हा हा साहसी लेखक 1756 मध्ये पळाला.

जॉन हॉवर्ड हा इंग्रज गृहस्थ 1773 मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ, म्हणजे तिथल्या तुरुंगाची जबाबदारी असलेला अधिकारी, झाला. त्याने पाहिले की निर्दोष सुटलेली माणसेसुद्धा जेलरची फी भरता येत नाही म्हणून आतच आहेत. त्यानंतर त्याने देशोदेशीचे तुरुंग पालथे घातले आणि 1777 मध्ये आपला अहवाल छापला. त्यात कमानी आणि जिने फारसे नाहीत. हवा, पाणी, गवताचे अंथरूण, कोंदटपणा आणि जेल-तापाने मेलेले लोक आहेत. हा ताप म्हणजे उवांमधून पसरणारा टायफस. 1750 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांबरोबर तो आला आणि लॉर्ड मेयर व न्यायाधीशांसह अनेकांचा बळी घेऊन गेला.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. रोमच्या सान मिकेले संस्थेत वास्तुविशारद कार्लो फोंताना याने शतकाच्या सुरुवातीला मुलांसाठी सुधारगृह बांधले. त्यात एका उंच कमानदार दालनाभोवती कोठड्यांचे तीन मजले होते. म्हणजे उंच दालन आणि सज्जे असलेला खरा तुरुंग रोममध्ये उभा होता, मात्र त्याचा हेतू शिस्त आणि काम हा होता आणि ते दालन स्वच्छ, मोजके आणि उजेडाचे होते.

ही चित्रे क्रूरतेला सुंदर बनवतात का?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मला झटकून टाकावासा वाटत नाही. या चित्रांत कैदी जवळजवळ नसतो. असला तरी तो दगडाची उंची मोजायला ठेवलेले माप असतो. त्याचा चेहरा, त्याची भूक, त्याची वाट पाहणारे घर, यांतले काहीच चित्रकाराला नको असते. ज्या काळात अनेक राज्यांत कबुलीजबाबासाठी छळ करणे कायदेशीर होते, त्या काळात छळयंत्राची सावली सुरेख पडली आहे असे म्हणणे अस्वस्थ करणारेच आहे.

दुसऱ्या बाजूला, 1764 मध्ये मिलानच्या बेक्कारिया या विचारवंताने छळ आणि मृत्युदंडाविरुद्ध आपला निबंध प्रसिद्ध केला आणि 1786 मध्ये टस्कनीच्या राज्याने दोन्ही कायद्यातून काढून टाकले. म्हणजे चित्रकार कमानी रचत असताना त्याच भाषेतले, त्याच वर्गातले लोक तुरुंगाबद्दल नव्याने विचार करत होते. चित्रांमुळे सुधारणा झाली, असा दावा मी करणार नाही, त्याला आधार नाही. पण एखादी वास्तू माणसाला किती क्षुल्लक करू शकते, ही जाणीव या चित्रांनी जितकी नेमकी दिली तितकी त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रप्रकाराने दिली नाही, हे मात्र खरे आहे.

धाकाची ही भाषा पुढे खऱ्या दगडातही उतरली. तरुणपणी इटलीत राहून पिरानेसीला भेटलेला जॉर्ज डान्स याने लंडनच्या न्यूगेट तुरुंगाची नवी इमारत आखली आणि 1770 मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. ओबडधोबड दगडांच्या जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंती आणि दारावर कोरलेल्या बेड्यांच्या माळा, असे तिचे रूप होते. रस्त्याने जाणाऱ्याला पाहताक्षणी धडकी भरावी, हाच हेतू होता. 1780 च्या दंगलीत ती जाळली गेली, पुन्हा उभी राहिली आणि 1902 नंतर पाडण्यात आली.

कल्पनेचा आणि अनुभवाचा सामना फ्रान्समध्ये झाला. रोममध्ये अकरा वर्षे घालवून पडक्या कमानी रंगवणारा ह्यूबर्ट रोबेर क्रांतीच्या काळात, 1793 मध्ये, स्वतःच पकडला गेला. सेंत-पेलाजी आणि मग सेंत-लाझार या तुरुंगांत राहून त्याने आतली चित्रे केली, जेवणाच्या थाळ्यांवरसुद्धा रंगवली. सेंत-लाझारच्या या चित्रांत लांब ओसरीतून फिरणारे, बोलणारे, जेवण घेणारे लोक आहेत. जागा साधी आणि चौकोनी आहे. आत गेल्यावर त्याला वास्तूपेक्षा माणसे दिसली.

आज ती पाहायची असतील तर

शतक संपता संपता नेपथ्यकारांबरोबर हा विषय उत्तरेकडे गेला. लुई-जाँ देप्रे स्टॉकहोमला स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याच्या नाटकगृहात रुजू झाला, पिएत्रो गोन्झागा 1792 मध्ये रशियाला गेला. इंग्लंडमध्ये चित्रकार टर्नर रॉयल अकादमीत यथादर्शनाचा प्राध्यापक झाला, तेव्हा त्याने व्याख्यानांसाठी 1810 च्या सुमारास केलेल्या जलरंगातील मोठ्या तक्त्यांमध्ये तुरुंगाच्या अंतर्भागाचाही एक तक्ता होता आणि त्यामागे पिरानेसीचा 1743 मधला तो अंधारा तुरुंगच होता. टर्नरचा हा तक्ता आज टेट संग्रहालयात आहे.

मूळ कागद मात्र सहसा भिंतीवर लावलेले आढळत नाहीत. जलरंग उजेडाने फिका होतो, म्हणून संग्रहालये ही चित्रे मंद प्रकाशात काही महिनेच मांडतात आणि मग पुन्हा पेटीत ठेवतात. पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या रेषा आज तपकिरी दिसतात, त्यांतल्या काही मुळात काळ्या होत्या. मायफळ आणि लोहक्षारापासून केलेली शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि जिथे ती दाट पडली असेल तिथे कागद खाते. निळीचा हलका हात असेल तर तोही उडालेला असतो. त्यामुळे स्क्रीनवर उबदार आणि एकसुरी वाटणारे चित्र, काढले त्या दिवशी बहुधा अधिक थंड आणि अधिक काळे होते.